वाचकांचे प्रश्न : परसातील कोई माशांचे तळे

घरामागे रंगीत मासे पाळण्याच्या हौसेविषयी यंदा बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण इतर पत्रलेखकांच्या निम्म्या शंका त्यातच मिटतील.

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. घरामागे ६० फूट लांब व ४० फूट रुंद परस मोकळा पडून आहे. पुण्याला मुलाकडे गेलो असता सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात जपानी पद्धतीची बाग पाहिली, आणि तेव्हापासून घरी कोई माशांचे मोठे तळे करावे असे मनात आहे. ४० फूट लांब, २५ फूट रुंद व ४ फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधून त्यात शंभरेक मासे सोडावेत, असा विचार आहे. जनावरांचे टाके बांधतात तसाच हौद बांधून देतो, असे गावातील मिस्त्री म्हणतात. जमीन काळी, भारी आहे. घरची विहीर आहे, मात्र मे महिन्यात तिचे पाणी तळाला जाते. योग्य सल्ला द्यावा. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला जाते. आपल्या भागात तळे केवढे असावे हे परसाच्या लांबीरुंदीवरून ठरवू नये. मे महिन्यात रोज किती पाणी हाताशी राहील, यावरून ठरवावे.

आपण सुचवलेल्या हौदात सुमारे १ लाख १३ हजार लिटर पाणी मावेल. त्याचा पृष्ठभाग एक हजार चौरस फुटांचा होतो. विदर्भातील मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटिमीटरने, गरम वारा सुटला तर त्याहूनही अधिक, खाली जाते. म्हणजे आपल्या हौदातून रोज नऊशे लिटरच्या वर पाणी नुसते उडून जाईल. त्याशिवाय दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे लागते, ते सव्वाअकरा हजार लिटर झाले. दोन्ही मिळून रोजची गरज अडीच हजार लिटरच्या घरात जाते. ज्या विहिरीत त्या दिवसांत घरापुरते पाणी जेमतेम उरते, तिच्यावर एवढा भार टाकता येणार नाही. याउलट ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि ५ फूट खोल तळे केले, तर त्यात सुमारे ६३ हजार लिटर पाणी बसते आणि मे महिन्यातील रोजची गरज तेराशे लिटरच्या आसपास राहते. एवढेही पाणी मिळण्याची खात्री नसेल तर तळे आणखी आखूड करावे, पण खोली मात्र पाच फुटांच्या खाली आणू नये. पाणी बदलताना जे बाहेर काढाल ते वाया जात नाही. माशांच्या विष्ठेतील नत्र त्यात उतरलेले असते, आणि परसातील वांगी, कढीलिंब, संत्र्याची दोन झाडे त्यावर चांगली पोसतात.

खोलीबद्दल एवढा आग्रह धरण्याचे कारण उष्णता हे आहे. कोई हा मूळचा थंड प्रदेशातील मासा. जपानच्या निइगाता भागातील डोंगराळ गावांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकात त्या माशांत मधूनच रंगीत पिले निघू लागली, ती कोणी हौसेने वेगळी राखली, आणि १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात मांडल्यावर ती जपानभर प्रसिद्ध झाली. भंडारा-गोंदियाकडील वाचकांना हे ऐकून गंमत वाटेल की हा श्रीमंती मासा मुळात धानकऱ्यांच्या घरचा आहे. परंतु त्या गावांत हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडते. कोईला १५ ते २५ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मानवते; ३० अंशांपर्यंत तो तग धरतो, पण त्रासात असतो. आपल्याकडे हवा ४५ अंशांवर जाते. उथळ हौदाचे पाणी दुपारी हाताला कोमट लागते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. म्हणजे माशाला अधिक प्राणवायू हवा असतो नेमक्या त्याच वेळी पाण्यात तो कमी उरतो. पाच-सहा फूट खोल, जमिनीत उतरवलेले आणि सावलीत असलेले तळे दुपारचा तडाखा पुष्कळसा सोसते. जमिनीवर उभारलेला हौद मात्र चारही भिंतींतून तापतो, म्हणून तो विचार मनातून काढून टाकावा.

आता जमिनीविषयी. आपल्या मिस्त्रींनी जनावरांची टाकी बांधली असतील यात शंका नाही, पण टाके तडकले तर पाणी थोडे झिरपते आणि म्हैस तक्रार करीत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये आपल्याच परसातील भेगेत हात घालून पाहावा. मनगटापर्यंत सहज जाईल. या हालचालीने साध्या विटांच्या किंवा पातळ काँक्रीटच्या हौदाला दोन-तीन वर्षांत चीर पडते, आणि मग दर उन्हाळ्यात सिमेंट लिंपत बसावे लागते. निव्वळ काँक्रीटच करायचे तर लोखंडाची दुहेरी जाळी, जाड तळ व भिंती आणि अभियंत्याचे रेखाटन लागेल. तो खर्च माशांच्या हौसेला पेलणारा नाही. माझे मत असे आहे की आकार भिंतीने धरावा आणि पाणी अस्तराने धरावे. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फार खाली असेल तर तळाला व बाजूंना फूटभर मुरूम आणून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून घ्यावा. त्यावर नऊ इंची विटांची भिंत बांधून वर काँक्रीटचा पट्टा फिरवावा, म्हणजे भिंत एकसंध राहते. आतून शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिकचे अस्तर किंवा, ऐपत असल्यास, रबरासारखे मऊ ईपीडीएमचे अस्तर अंथरावे. ३० बाय १५ बाय ५ फुटांच्या तळ्याला, कडेला एकेक फूट दुमड धरून, ४२ फूट बाय २७ फुटांचे एकसंध अस्तर लागेल. ते दुकानातूनच जोडून आणावे. घरी डिंकाने जोडलेला सांधा टिकत नाही. अस्तराखाली जाड जिओटेक्स्टाइल (न कुजणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड घालावे. गोणपाट अंथरल्यास ते वर्षभरात कुजते आणि त्या पोकळीत उंदीर व घुशी घर करतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भर पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचून राहते, आणि त्या वेळी तळे रिकामे असेल तर खालचे पाणी अस्तराला फुग्यासारखे वर उचलते. म्हणून अस्तराखाली, जिओटेक्स्टाइलच्याही खाली, छिद्रे पाडलेला एक नळ गिट्टीत बसवून त्याला उताराकडे वाट द्यावी. आणि आषाढ-श्रावणात तळे धुण्यासाठी उपसू नये. तळ्याचा काठ सभोवतालच्या जमिनीपेक्षा निदान एक फूट उंच ठेवावा. हा काठ शोभेसाठी नव्हे, तर शेजारच्या वावरातील फवारणीचे पाणी वाहत येऊन तळ्यात उतरू नये यासाठी आहे. पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारतात ती सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीचा पंप तळ्याजवळ धुऊ नये, हे गड्यालाच नव्हे तर घरातील प्रत्येकाला बजावून ठेवावे. शेजाऱ्याची फवारणी चालू असताना वारा आपल्या बाजूचा असेल, तर तेवढा वेळ तळ्यावर ताडपत्री ओढावी.

गाळणयंत्रणेचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही, आणि खरे तळे तेच आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, तिसरे बरेचसे निरुपद्रवी. हे जिवाणू राहण्यासाठी जागा हवी आणि त्यांच्यापर्यंत पाणी सतत पोहोचायला हवे. तळाला चारही बाजूंनी मध्याकडे उतार देऊन मध्यभागी चार इंची निचरा-तोंड बसवावे, तेथून पाणी आपोआप शेजारच्या गाळ बसण्याच्या हौदात यावे, तेथून दाट ब्रश किंवा जाळ्यांतून जाऊन छिद्रांच्या प्लॅस्टिक तुकड्यांनी भरलेल्या हौदात शिरावे, आणि शेवटच्या हौदातून पंपाने पुन्हा तळ्यात पडावे. सर्व पाणी दोन तासांत एकदा फिरले पाहिजे. आपल्या तळ्यासाठी याचा अर्थ ताशी सुमारे ३२ हजार लिटर. बोअरची मोटार येथे कामाची नाही, कारण ती थोडे पाणी खूप उंच नेण्यासाठी असते आणि येथे पुष्कळ पाणी तीन-चार फूटच उचलायचे असते. कमी उंचीचा, अहोरात्र चालणारा पंप मागावा. साडेतीनशे वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तर सुमारे अडीचशे युनिट वीज घेतो. ते बिल भरण्याची तयारी आधीच घरात बोलून घ्यावी. शेतीच्या जोडणीवर हे काम होत नाही, कारण तेथे वीज पाळीपाळीने व ठरावीक तासच येते.

वीज गेली की काय होते ते मी स्वतः भोगले आहे. वर्धा जिल्ह्यातील माझ्या घरामागे लहानसे तळे आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मध्यरात्रीनंतर वादळ आले आणि लाइन गेली. पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन गेलो, तेव्हा सगळे मासे पाण्याच्या नळाच्या तोंडाशी दाटीने उभे होते, तोंडे पाण्याबाहेर काढून ती उघडझाप करीत होते, आणि त्या शांततेत त्यांच्या ओठांचा चुबुक चुबुक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी बादलीने पाणी उपसून खांद्याच्या उंचीवरून पुन्हा तळ्यात ओतत राहिलो. उजाडेपर्यंत अकरा मासे गेले, आणि गेले ते सगळे मोठे, लहान वाचले. प्राणवायू कमी पडला की मोठा मासा आधी जातो, कारण त्याची गरज अधिक असते. चूक माझीच होती. पाणी हिरवे झालेले होते, हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच तो घेते, आणि तरीही मी हवेचा पंप विजेच्या एकाच तारेवर ठेवला होता. आता साठ वॉटचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर आहे. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तो बारा तास तरी चालवते. मुख्य पंप बंद पडला तरी चालेल, हवेचा बुडबुडा थांबता कामा नये.

सावलीसाठी तळ्यावर आठ फूट उंचीचा बांबूचा मांडव घालून त्यावर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणावी, आणि पश्चिमेच्या बाजूला ती खाली सोडावी, कारण चटका तिसऱ्या प्रहरीच बसतो. बगळा व खंड्या यांचाही त्याच जाळीने बंदोबस्त होतो. सावली मिळते म्हणून तळे कडुनिंबाखाली किंवा चिंचेखाली खोदण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. पानगळ गाळणीत अडकून कुजते. कण्हेर तर आसपासही नसावी.

कामाचे वेळापत्रक असे ठेवावे. दिवाळीनंतर जमीन वाळली की खोदावे. सुमारे साडेबावीस ब्रास माती निघेल, ती एखाद्या बरड वावरात पसरून द्यावी. भिंती संक्रांतीपर्यंत, अस्तर व नळ मे अखेर. मृगाच्या पावसाबरोबर पाणी भरण्यास सुरुवात करावी, म्हणजे विहिरीवर ताण पडत नाही आणि अस्तराखालच्या पाण्याचीही भीती राहत नाही. पोळ्याच्या सुमारास पाच-सहा लहान, स्वस्त मासे सोडून गाळणी जागी करावी. जिवाणूंची वसाहत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात थेंबांच्या परीक्षण-संचाने दर तिसऱ्या दिवशी अमोनिया व नायट्राइट मोजावे. आपल्या बेसाल्टी खडकातील पाणी बहुधा जड व किंचित क्षारधर्मी असते, आणि अशा गरम पाण्यात अमोनियाचा विषारी अंश झपाट्याने वाढतो, हे लक्षात घेता शून्याशिवाय दुसरा आकडा मान्य करू नये. दोन्ही शून्यावर आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास, हवा थंड असताना, खरे मासे आणावेत. पुढच्या मे महिन्यापर्यंत गाळणी सात-आठ महिन्यांची, म्हणजे पक्की झालेली असेल. उन्हाळ्याच्या तोंडावर तळे भरून मासे सोडणारे बहुतेक जण पहिल्याच वर्षी हौस गमावतात.

शंभर मासे फार झाले. एका माशाला एक हजार लिटर पाणी असा ढोबळ हिशेब धरतात. तो पूर्ण वाढलेल्या, दोन फुटांच्या माशाचा आहे. बोटाएवढी पिले पाहून हा हिशेब विसरला जातो. आपण पंधरा-वीस माशांपासून आरंभ करावा. आपल्याकडे येणारे बहुतेक कोई चेन्नईच्या कोळत्तूर बाजारातील किंवा पश्चिम बंगालमधील पैदाशीचे असतात, आणि ते हौसेला पुरेसे आहेत. जपानहून आणलेला म्हणून कोणी दहापट दर सांगितला तर कागदपत्र मागावे. नवे मासे थेट तळ्यात सोडू नयेत. वेगळ्या टाकीत तीन ते चार आठवडे ठेवून, अंगावर उवा किंवा दोऱ्यासारखे कृमी दिसतात का, हे भिंगातून पाहावे.

नळयोजनेचे पाणी वापरणार असाल तर त्यात ग्रामपंचायतीने टाकलेली टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर असते, आणि क्लोरीन माशांना मानवत नाही. ते पाणी एक-दोन दिवस उघड्या टाकीत हवेचा पंप लावून ठेवावे. उन्हात पडलेल्या काळ्या नळातील पहिले पाणी तर हात भाजेल इतके गरम येते. ते आधी झाडांना सोडून द्यावे, आणि तळ्यात भर घालायची ती पहाटे.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात (जि. अमरावती) आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही. कोईला मीठ चालते असे ऐकले, तेव्हा हे पाणी तळ्याला वापरता येईल काय?

उत्तर : ऐकलेले खरे आहे, पण अपुरे आहे. लिटरमागे तीन ग्रॅमपर्यंत मीठ कोई सहन करतात, आणि नायट्राइट वाढल्यास त्यांना वाचवण्यासाठी आपण स्वतःच लिटरमागे एक ग्रॅम मीठ घालतो. अडचण अशी की बाष्पीभवनाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. आपण दर आठवड्याला खाऱ्या पाण्याची भर घालाल, आणि दोन उन्हाळ्यांत तळ्याचा खारटपणा बोअरच्या कितीतरी पुढे जाईल. तो कमी करण्यासाठी जे पाणी बाहेर सोडाल त्याने परसातील माती बिघडेल. पूर्णेच्या खोऱ्यातील आपल्या जमिनीत सोडियम आधीच जास्त आहे.

माझा सल्ला असा की बोअर विसरून छतावरचे पाणी धरावे. एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती व पहिले धुणे वजा जाता पंचावन्न हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येते. यातून पंधरा-वीस हजार लिटरचे तळे भरावे, आणि उरलेले पाणी झाकलेल्या टाकीत उन्हाळ्याच्या भरतीसाठी ठेवावे. विटांची टाकी बांधत असाल तर नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. दोन-तीनदा भरून व उपसून मगच ते पाणी माशांना द्यावे. मोठ्या तळ्याचा आग्रह आपण धरू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. पंचवीसशे लिटरमागे एक मासा ठेवलात तर सहा-सात मासे होतील, आणि ते देखणे वाढतील.

प्रश्न : आमच्या शेतात (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) वडिलोपार्जित बोडी (शेतातले लहान तळे) आहे. पाणी फेब्रुवारीपर्यंत असते. तळे बांधण्याचा खर्च कशाला, बोडीतच रोहू-कतल्याबरोबर कोई सोडले तर?

उत्तर : सोडू नयेत. आपल्या बोडीत मरळ हा शिकारी मासा असणारच, आणि मरळीला लाल-पांढरा मासा गढूळ पाण्यातही चटकन दिसतो. त्यातून जे वाचतील ते बगळ्यांचे. पण याहून मोठी अडचण पावसाळ्यातील आहे. बोडी भरून सांडली की तिचे पाणी खालच्या बांध्यांत, तेथून नाल्यात आणि शेवटी एखाद्या मालगुजारी तलावात (जुन्या जमीनदारी काळातील गाव-तलावात) जाते. कोई हा सायप्रिनसच (म्हणजे साधा कार्प मासाच) आहे, फक्त रंगीत. सायप्रिनस चिखल उकरून खातो. त्यामुळे पाणी गढूळ राहते आणि तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती उपटल्या जातात, ज्यांवर देशी मासे अंडी घालतात व पाणपक्षी पोट भरतात. जुन्या तलावांत तो आधीच पुष्कळ पसरला आहे. सायप्रिनसची एक जात भारतात १९३९ मध्ये आणि बँकॉकहून दुसरी १९५७ मध्ये मत्स्यशेतीसाठीच आणली गेली होती, आणि त्यातून शेतकऱ्यांना उत्पन्न मिळाले हेही खरे. म्हणून कोणाला दोष देण्याचा प्रश्न नाही. पण कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या त्या तलावांवर आज ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्था जगतात, त्यांच्या पाण्यात आपली हौस सोडणे योग्य नव्हे. शिवाय दोन-तीन पिढ्यांत रंग जातो. मोकळ्या पाण्यात प्रजनन झाल्यावर पिले करड्या-तपकिरी रंगाकडे वळतात, आणि आपल्या हाती साधा सायप्रिनस उरतो.

परसातच बंदिस्त तळे करावे, आणि त्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवावी. आपल्या भागात खेकडे अस्तराला भोके पाडतात, म्हणून अस्तराच्या कडा मातीत न पुरता सिमेंटच्या काठाखाली दाबाव्यात. बोडीत मात्र रोहू, कतला, मृगळच राहू द्यावेत.

प्रश्न : सेलू तालुक्यातून (जि. वर्धा) लिहीत आहे. कोईचे तयार खाद्य महाग पडते. घरी सरकीची ढेप व धानाचा कोंडा असतो. मोहाची ढेपही स्वस्त मिळते. यांतले काय चालेल?

उत्तर : मोहाच्या ढेपेचे नाव वाचून हात थरथरला. मत्स्यतलावात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी जी वापरतात तीच ही ढेप. तिच्यातील सॅपोनिनमुळे माशांच्या रक्तातील पेशी फुटतात. ती तळ्याच्या आसपासच्या कोठीतही ठेवू नये, कारण एखाद्या दिवशी दुसरे कोणी खाद्य घालायला जाते आणि पोते चुकते. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते; गाईला ती चालते, माशाला नियमित देऊ नये. भुईमुगाची ढेप आणि कोंडा समभाग भिजवून, गोळे करून देता येतात, परंतु ते बुडतात, उरलेले तळाला आंबतात, आणि अमोनिया वाढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, आणि तेही पाच मिनिटांत संपेल एवढेच. बाकी दिवस ३५ ते ४० टक्के प्रथिनांचे तरंगणारे दाणेच द्यावेत. पाणी हिरवे होत असेल तर आधी खाद्य कमी करून पाहावे. शंभरांतील ऐंशी तळ्यांत दोष हाताचा असतो, असा माझा अनुभव आहे. एप्रिल-मेमध्ये खाद्य सकाळी ऊन चढण्यापूर्वी द्यावे, संध्याकाळी देऊ नये, कारण पचनासाठी लागणारा प्राणवायू रात्रीच्या वाट्यातून जातो.

प्रश्न : आमचे घर ताडोबाच्या बफर क्षेत्रातील गावात (जि. चंद्रपूर) आहे. तळे केल्यास वन्यप्राणी पाण्यावर येतील काय? घरात तीन वर्षांची नातही आहे.

उत्तर : येतील. उन्हाळ्यात रानडुकरे आणि माकडे येतील, आणि त्यांच्या मागे बिबट्याही येऊ शकतो. घराला लागून पाणी उघडे ठेवणे आपल्या गावी धोक्याचे आहे. तळे करायचेच असेल तर ते अंगणाच्या भिंतीच्या आत, सहा फूट उंच कुंपण घालून करावे, आणि रात्री फाटक बंद करून दिवा चालू ठेवावा. कुंपणाला विजेची तार लावण्याचा विचार कोणी सुचवला तर तो ऐकू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात. नातीसाठी पाण्याच्या पातळीच्या जरा वर लोखंडी जाळीची चौकट बसवून घ्यावी. मासे तिच्याखालून फिरतात, खाद्याला वर येतात, आणि पडलेले मूल जाळीवरच राहते. तिच्या खिळ्यांनी अस्तर फाटू नये म्हणून चौकट भिंतीच्या काठावर टेकवावी, अस्तरावर नव्हे. नात सहा-सात वर्षांची होईपर्यंत थांबता येत असेल, तर मी थांबण्याच्या बाजूचा आहे.